जिभेसमोरचा ढीग

रेवाने वही टेबलावर ठेवली आणि मला रॉकेलचा वास आला. पन्नास वर्षं जुन्या कागदाला रॉकेलचा वास येत नाही, हे मलाही कळतं. आमच्या लीड्सच्या स्वयंपाकघरात त्या वेळी वास होता तो फोडणीचा आणि ओल्या कोटाचा, कारण पोरगी एडिनबराहून ट्रेनने आली होती आणि स्टेशनपासून भिजत चालत आली होती. पण वहीचा तो हिरवा कापडी पुठ्ठा दिसला, पाण्याने फुगून परत सुकलेल्या त्या कडा दिसल्या, आणि वास आलाच. नाकाला कोण समजावणार?

रेवा माझी नात, मुलाची मुलगी. एडिनबराच्या युनिव्हर्सिटीत हिमनद्यांचा अभ्यास करते. जगात एवढ्या हिमनद्या पडल्या आहेत, पण हिने धरली ती नेमकी आजोबांची. आजोबा म्हणजे आमचे हे. इथल्या युनिव्हर्सिटीत सर्व्हेचे टेक्निशियन होते. दुर्बिणी, टेपा आणि तिपाया सांभाळायचे, आणि दर उन्हाळ्यात ते सगळं पाठीवर मारून आइसलंडला त्या एका बर्फाकडे जायचे. सहा वर्षांपूर्वी हे गेले. ह्यांच्या वह्या मात्र डिपार्टमेंटच्या तळघरात खोक्यांत पडून होत्या. मी त्या कधी मागितल्या नाहीत. का मागितल्या नाहीत ते येईलच पुढे.

"आजी, मला तुझी हेल्प पाहिजे," रेवा म्हणाली. "आबांचा सगळा वही इंग्लिशमध्ये आहे. फक्त एका पानावर मराठी आहे. साइडला, एकदम छोटा. मी ट्राय केलं, पण आबांचा अक्षर मला वाचताच नाही येत."

तिने पान उघडून माझ्यासमोर सरकवलं. मधोमध शिसपेन्सिलीने काढलेला दगडांचा ढीग होता. बाजूला आकडे होते आणि समासात ह्यांचं ते मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर.

"चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे," मी म्हणाले.

"आजी, तुझ्या गळ्यात आहे."

"असू दे. आधी सांग, काय घाई आहे एवढी?"

"प्रॉब्लेम झालाय." तिने ओले केस मागे बांधले. अगदी ह्यांच्यासारखी भुवई वर गेली. "आबांनी लेकच्या काठावर दोन ढीग केले होते ना, तिथून ते दरवर्षी ग्लेशियर मोजायचे. पण पहिल्या वर्षाच्या फोटोत आणि नंतरच्या फोटोत डावा ढीग सेम जागी नाहीये. कोणीतरी हलवलाय. माझी सुपरवायझर म्हणते, कधी आणि किती हलवला ते कळलं नाही, तर त्यानंतरची मेजरमेंट्स वापरता येणार नाहीत."

"म्हणजे किती वर्षांची?"

"ऑलमोस्ट सगळी. आबांचं सगळं काम, आजी. काढून टाकावं लागेल."

कोणीतरी हलवलाय. त्या कोणीतरीने उठून गॅस बारीक केला आणि वरण उगाचच ढवळलं.

*

तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती. बावीस वर्षांची ही बया कऱ्हाडहून आलेली, आणि आपल्याला जगातलं सगळं समजतं अशी तिची ठाम समजूत. लीड्समध्ये दोन हिवाळे काढले म्हणजे थंडी कळली, असं तिला वाटायचं. त्या वर्षी ह्यांच्या मोजणीच्या तुकडीचा स्वयंपाकी आयत्या वेळी गळाला, तेव्हा हिने तुकडीच्या प्रमुखांसमोर, म्हणजे प्रोफेसरांसमोर, आपल्या मोडक्या इंग्रजीत, छाती पुढे काढून सांगितलं, "आय कुक. आय कम." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी सर्कशीत भरती व्हायला निघाले होते.

बोट, मग जीप, मग पाठीवर सामान घेऊन चालणं. नायलॉनची साडी, खाली ह्यांची लोकरी पँट, वर ह्यांचाच कोट, पायात प्रोफेसरांच्या बायकोचे गमबूट, दोन नंबर मोठे. चालताना बुटांतून डबक डबक आवाज यायचा. शेवटची टेकडी चढून गेले आणि तो आवाज बंद झाला, कारण पाय थांबले.

वर, डोंगरांच्या माथ्यावर, आभाळ आणि जमीन यांच्या मधे बर्फाचं एक अफाट पठार पसरलेलं. कुठे सुरू, कुठे संपलेलं, काही कळेना. त्या पठारातून, दोन काळ्या डोंगरांच्या मधून, ती हिमनदी खाली उतरली होती. रुंद, फुगीर, भेगाळलेली, अंगावर काळ्या मातीचे पट्टे ओढलेली, आणि खालच्या टोकाला थेट तलावात घुसलेली. जिथे पाण्याला भिडत होती तिथे बर्फाचा निळा कडा उभा होता, आमच्या रस्त्यावरच्या घरांच्या रांगेपेक्षा उंच.

"बाई गं," मी म्हणाले, "जीभच बाहेर काढलीय."

हे हसले. त्या बर्फाचं खरं नाव मला पन्नास वर्षांत एकदाही धड उच्चारता आलं नाही. आमच्या घरात ती कायमची जीभ झाली. "जिभेकडे निघालो," "यंदा जीभ कशी आहे?" "जिभेचा फोटो फ्रेम करून आणला." पाहुणे बिचारे गोंधळायचे.

त्या तीन आठवड्यांतलं काय काय अंगात राहिलंय म्हणून सांगू. बर्फ तुटायचा तो आवाज. आधी लांबून तोफ डागल्यासारखा दणका, मग काहीच नाही, अगदी कान भरून येईल इतकं काहीच नाही, आणि मग कितीतरी वेळाने काठावर लाटा यायच्या, एकामागून एक, घाईने, उशीर झालेल्या माणसांसारख्या. तलावात तरंगणारे हिमखंड. एखादा निवांत असायचा आणि अचानक कूस बदलायचा, पोट वर करायचा, आणि ते पोट काचेसारखं निळं असायचं. ओल्या शेवाळाचा वास. रात्रंदिवस वाळत घातलेल्या आणि कधीच न वाळलेल्या मोज्यांचा वास. वारा, जो कधी झोपायचाच नाही.

आणि अंधारच नाही! दिवेलागणीची वाट पाहून मी थकायचे. सूर्य डोंगराआड जायचा तो जणू पाणी प्यायला, आणि लगेच परत. शेवटी मी घड्याळ पाहून, सातच्या ठोक्याला, तंबूत व्हॅसलिनच्या डबीच्या झाकणात तुपाची वात लावायला लागले. बाहेर लख्ख ऊन आणि आत ही बया हात जोडून शुभं करोति म्हणतेय. प्रोफेसर एकदा वाकून आत डोकावले, टोपी काढली आणि माझं म्हणून होईपर्यंत तसेच वाकून उभे राहिले. यॉर्कशरचा माणूस, पाठ दुखत असणार.

तिथले पांढरे पक्षी डोक्यावर झेप घ्यायचे, टोचायचे. त्यांची पिल्लं जवळपास असायची. सगळे पुरुष डोक्यावर काठी उभी धरून चालायचे. मी पातेलं घालायचे. पाणी आणायला जाताना पातेलं डोक्यावर, येताना पातेल्यात पाणी आणि डोकं पक्ष्यांच्या स्वाधीन. याच्यावर उपाय म्हणून दुसरं पातेलं न्यावं, हे मला बारा दिवसांनी सुचलं. एवढी माझी हुशारी.

*

"आजी," रेवा म्हणाली, "तू आता वाचतेस ना?"

"वाचते गं. आधी जेव."

"मी जेवले ट्रेनमध्ये."

"ते सँडविच? त्याला जेवण नाही म्हणत." मी तिच्यापुढे ताट ठेवलं. तिने मुकाट्याने भात कालवायला घेतला, पण डोळे माझ्यावर. या पोरीपुढे वेळ काढणं कठीण आहे. ह्यांना तरी फसवता यायचं.

*

पिठलं-भाकरी करायची, असं त्या बयेने एका सकाळी ठरवलं. डब्यातले बीन्स खाऊन सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती. ब्रॅडफर्डहून आणलेलं बाजरीचं पीठ होतं, तवाही आणला होता, त्याच्यावरून बोटीत भांडण झालं होतं. पण स्टोव्ह पेटवावा तर वारा ज्योत आडवी करून टाकायचा. आडोसा हवा. पुरुषमंडळी मोजमापाच्या काठ्या रोवायला बर्फावर गेली होती. मी दगड शोधायला निघाले.

दगडांना तिथे तोटा नव्हता. अख्खा मुलूख दगडांचाच. पण सगळे गोल, गुळगुळीत, चिखलात रुतलेले, एकावर एक ठेवले की घरंगळणारे. आणि तलावाच्या काठावर, एका काळ्या खडकावर, काय सुंदर चपटे दगड! अगदी भाकरीसारखे. कुणीतरी नीट रचून ठेवलेले, कमरेएवढे. वरच्या दगडावर रंग लावलेला.

आता, मी काही अगदीच वेडी नव्हते. माळावर दगड रचलेले असले तर ते कुणाचं तरी दैवत असतं, हे मला आईच्या पोटातून माहीत. मी हात जोडले, जवळ गेले, वाकून रंग पाहिला. शेंदूर असता तर देवाशपथ सांगते, एका दगडाला बोट लावलं नसतं. पण तो पिवळा होता. भंडारा म्हणावा तर हा चकचकीत ऑइलपेंट, आणि ऑइलपेंटचा देव मी काही ऐकला नव्हता. म्हणजे हे कुणा मेंढपाळाचं असणार. घेतले.

सात खेपांत सगळे घेतले. तंबूच्या मागे असा काही आडोसा रचला की स्टोव्हची ज्योत सरळ उभी राहिली, देवापुढच्या समईसारखी. भाकऱ्या टम्म फुगल्या. दुपारी हे, प्रोफेसर आणि त्यांचा विद्यार्थी, तिघेही खाली आले, बोटं लाल झालेली, नाकं गळणारी, आणि तुटून पडले. प्रोफेसरांनी चार भाकऱ्या खाल्ल्या लोणी लावून. मी विजयी मुद्रेने पदर खोचून उभी.

मग खाता खाता प्रोफेसर मला समजावायला लागले, की त्यांचं काम काय आहे. काठावर गेल्या वर्षी आम्ही दोन ढीग रचले, म्हणाले, एक उजवीकडे, एक डावीकडे. दोन्हींवरून दुर्बिणीने समोरच्या कड्याकडे पाहायचं, कोन मोजायचा, आणि मग जीभ किती पुढे आली, किती मागे गेली ते कळतं. "त्या दोन ढिगांना हात लागता कामा नये," ते म्हणाले. "ते आमचे डोळे आहेत."

घास तोंडात होता तो तिथेच राहिला. माझ्या पाठीमागे, स्टोव्हभोवती, त्यांचा डावा डोळा तापून बसला होता. वरच्या पिवळ्या दगडावर पिठल्याचं पातेलं होतं.

बोलायचं होतं, तर तेव्हाच. एक वाक्य. पण बावीस वर्षांची ती, चार भाकऱ्यांच्या कौतुकात न्हालेली. "आय कम" म्हणून छाती पुढे काढून आलेली. गिळला घास. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं, तेवढ्यात सगळे दगड परत नेले. पण कुठे होता ढीग? धुक्यात सगळे काळे खडक सारखेच. अंदाजाने एका खडकावर रचला. बरं, रचला तो भीतीने वेडावाकडा नाही, तर चांगला मन लावून, खाली रुंद, वर निमुळता, तुळशी वृंदावनासारखा. धुकं उठलं तेव्हा जाणवलं की जागा चुकलीये. चार-पाच पावलांनी. तोवर हे आणि प्रोफेसर दुर्बीण खांद्यावर टाकून तिकडेच निघाले होते. मी तंबूत शिरले आणि पिठाच्या डब्याकडे तोंड करून बसले. पाहायचं धाडसच झालं नाही.

संध्याकाळी बातमी आली. जीभ पुढे आली होती! आधी वर्षानुवर्षं मागे सरकत होती, आणि यंदा पुढे. प्रोफेसर लहान मुलासारखे खूश. ह्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसले. मेली हसले मी!

*

तो हिवाळा. खिडकीच्या काचांवर आतून बाष्प, पॅराफिनची शेगडी, टेबलावर पसरलेले आलेखाचे कागद. हे आणि प्रोफेसर तासन् तास त्या एका ठिपक्याबद्दल बोलायचे. का पुढे आली? पाऊस? थंडी? वरच्या पठारावरचा बर्फ? मी चहाचे कप भरायचे. ह्यांचे भाऊ येऊन जाऊ देत, मग सांगू. ह्यांची परीक्षा होऊन जाऊ दे, मग सांगू. मग ते आकडे छापूनच आले. मग मुलगा झाला. मग काय सांगणार?

पुढच्या वर्षी त्याच ढिगावरून मोजलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. ह्यांच्या आयुष्याचे सगळे आकडे माझ्या त्या वृंदावनावर उभे राहत गेले. जिन्याच्या भिंतीवर ह्यांनी आलेख लावला होता, दर वर्षी एक ठिपका जास्त. आधी थोडा उंचवटा, मग उतार, मग उतारच उतार. वर-खाली करताना माझी नजर त्या उंचवट्यावर जायची. तो बर्फाचा नाही, माझा आहे, असं वाटायचं. लोक घरात कपाळावरचा डाग आरशात पाहतात, तसा मी तो पाहिला.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात एकदा तोंड उघडलं होतं. "अहो, एक सांगायचं राहिलंय." तेवढ्यात नर्स औषधं घेऊन आली, आणि त्यानंतर ह्यांना ग्लानी आली. मी हात धरून बसले. सांगितलं नाही ते नाहीच.

*

"रेवा," मी म्हणाले, "तो ढीग मी हलवला."

तिचा घास हातात राहिला.

"भाकरीसाठी," मी म्हणाले. आणि मग सगळंच सांगितलं. शेंदूर, पिवळा रंग, सात खेपा, धुकं. बोलताना मला वाटलं होतं रडू येईल, पण पिठल्याच्या पातेल्यापाशी आले आणि पोरगी खुर्चीवरून खाली पडते की काय इतकी हसायला लागली.

"हसू नको, कार्टे. तुझ्या आबांचं आयुष्य मी भाकरीत घातलं."

ती थांबली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आजी, तुला किती पावलं ते आठवतं ना? मग मी करेक्शन करू शकते. मे बी."

"चार. की पाच. अगं, पन्नास वर्षं झाली!"

"चार की पाच नाही चालणार," ती हळूच म्हणाली. मग वही माझ्याकडे सरकवली. "आता तरी वाच. प्लीज."

चष्मा लावला. वही टेबलावरच ठेवून वाकले. ह्यांचं अक्षर. त्या दिवसाचं, दुर्बिणीशेजारी बसून, गार बोटांनी लिहिलेलं. मी मोठ्याने वाचलं.

"डावा ढीग हिने हलवला आहे. चुलीसाठी नेला असावा, दगड काळे झालेत. काही बिघडलेलं नाही. खडकात मी बसवलेला पितळी खिळा मूळ जागीच आहे, आज त्यावरूनच मोजलं, पुढेही त्यावरूनच मोजायचं. प्रोफेसरांना सांगितलं, ते खूप हसले. नवा ढीग जुन्यापेक्षा चांगला रचलाय, राहू दे. हिला काही बोलायचं नाही. डिपार्टमेंटच्या पोरांनी वाचून हिला हसू नये म्हणून मराठीत लिहितोय. भाकरी कडवट होती, पण गरम होती."

बाहेर पाऊस चालूच होता.

"खिळा?" रेवा उठून उभी राहिली. "बोल्ट! आजी, म्हणजे ढीग फक्त खूण होता, लांबून दिसायला. मोजायचे बोल्टवरून! पहिल्या वर्षीच्या वहीत असणार, पण ती वही बोटीत भिजली, शाई सगळी गेलीये. ऑगस्टमध्ये मी तिथे जातेय, मी बोल्ट शोधते, तो खडक अजून असणारच. आजी, आबांचं सगळं बरोबर आहे. सगळं!"

"आणि तो उंचवटा?"

"खरा आहे. त्या वर्षी ती खरंच पुढे आली होती."

मी खुर्चीत मागे टेकले. अंगातून काहीतरी उतरत गेलं, खांद्यांतून, मनगटांतून, बोटांतून. अशी हलकी मी शेवटची कधी झाले होते आठवत नाही. आणि पाठोपाठ रागही आला. पन्नास वर्षं! हे आणि प्रोफेसर बसून चहा पीत होते आणि दोघांनाही माहीत होतं! हे दर वर्षी जाऊन त्या खिळ्यापाशी गुडघे टेकून मोजायचे, आणि घरी येऊन मला त्याबद्दल कधी एक शब्द नाही. मी ह्यांना जपत होते, हे मला. आम्हा नवराबायकोला कुणी विचारलं असतं तर दोघांनीही सांगितलं असतं, आमच्यात काही लपलेलं नाही.

रेवाने फोनवर आताचा फोटो दाखवला. काळे खडक, तलाव, तलावच तलाव. निळा कडा दिसेना. "कुठे गेली?" मी विचारलं. तिने बोटांनी फोटो मोठा केला, आणि खूप मागे, डोंगराच्या वळणाशी, एक राखाडी कड दाखवली. तेवढीच उरलीय. जिथे मी तोफेसारखा आवाज ऐकला, हिमखंडांना कूस बदलताना पाहिलं, तिथे आता नुसतं पाणी आहे. परत येणार नाही, माझ्या हयातीत तर नाहीच. त्याचं दुःख व्हायला हवं, आणि ते आहे. पण ती तिथे होती. त्या उन्हाळ्यात ती नेमकी जिथे होती असं ह्यांनी लिहिलं, तिथेच होती. एका वर्षी तर दोन पावलं आमच्याकडे आली होती, आणि ते माझ्या पिठल्यामुळे नव्हे.

"आजी, हे थीसिसमध्ये घालावं लागेल," रेवा लॅपटॉप उघडत म्हणाली. "ही नोट हाच प्रूफ आहे. तू सांग, मी इंग्लिशमध्ये लिहिते. 'हिने' म्हणजे काय लिहू? द कुक?"

"कुक काय कुक? माझं पूर्ण नाव लिही. माहेरचंही."

तिने लिहिलं. मी एकेक वाक्य सांगत गेले, ती टाइप करत गेली. शेवटाला आलो.

"ते भाकरीचं सोडून दे," मी म्हणाले. "त्याचा बर्फाशी काय संबंध?"

"आजी! डेटामधून आपल्याला नको ते काढून नाही टाकायचं."

"अगं, प्रोफेसरांनी चार खाल्ल्या होत्या!"

ती नुसती भुवई वर करून बसली. मला बाजरीचं ते पीठ आठवलं. ब्रॅडफर्डहून आणल्याला तेव्हा महिना उलटून गेला होता.

"घाल," मी म्हणाले. "कडवटच होती."